जांबच्या मैदानाला चूलबंद आवतन

…अन् वरून मलाच इचारतो, "आक्के, तुझी माणसं कुठंयत गं?" भर मैदानात, हलगी थांबवून. तुम्हाला सांगते, पाठचा भाऊ हाय माझा, तातेराव. लहानपणी त्याचं शेंबडं नाक म्या पुसलं, अन् आता मिशीला पीळ देऊन मला इचारून राह्यला माणसं कुठंयत म्हणून. अरे बाबा, माणसं आणल्ती की म्या. महेबूबची जीप दोन खेपा ठासून आणल्ती, मागचं दार सुतळीनं बांधून आणल्ती, उतरताना अख्ख्या जांबनं बघितली. मंग गेली कुठं? तेच तर सांगायला बसले. गेली न्हाईत कुठं. समोरच बसल्ती. त्याच्याच शेजारी, माझीच भाकर पदरात घेऊन.

न्हाई, पण मला एक सांगा, खेळाचं मैदान दोन गावांपैकी कुणाचंच नसावं हे ज्याच्या टाळक्यात आलं त्याला बायको असंल का हो? असली तर तिचं माहेर कुठलं, हे त्यानं कधी इचारलं असंल का? मैदान कुणाचंच न्हाई म्हणे. बरं, न्हाई तर न्हाई. मंग माणूस कुणाचं, ह्याचा इचार कुणी करायचा?

थांबा, आधी मी कोण ते सांगते, न्हाईतर निम्म्यातून उठाल. मी जयवंताबाई, तीर्थपुरीची. म्हंजे दिलेली तीर्थपुरीला, जन्म घनसावंगीचा. हे जरा गाठीला बांधून ठेवा, पुढं लागणार हाय. शाळेची पायरी चढले न्हाई. अक्षरं शिकले ती एसटीच्या पाट्यांवरून, अन् पहिला शब्द वाचला तो 'घनसावंगी', कामून तर माहेरची गाडी चुकायला नको. 'तीर्थपुरी' लई उशिरा वाचायला आला, त्यात वर तो रफार हाय, अन् तसं बी माहेरावरून परत यायची घाई कुणाला असती?

बास्केटबॉल बी तसाच शिकले, माझा मी. कॉलेजच्या मैदानाला लागून आमचं रान. शेळ्या बांधाला लावायच्या, आपण तारेच्या कुंपणाशी बसायचं, अन् माझी नात मोनिका आत चेंडू आपटायची. पहिले सहा महिने मला वाटायचं ह्या पोरी एकमेकींचा चेंडू हिसकून घेऊन परत कामून देऊन राह्यल्या. मंग हळूहळू उमगलं. चेंडू हातात धरून जास्ती पावलं टाकली की शिट्टी, दुसरीच्या हातावर मारलं की शिट्टी, अन् मोकळी जागा बघून चेंडू द्यायचा तो जिथं माणूस हाय तिथं न्हाई, जिथं ते पोचणार हाय तिथं. हे तर आम्हाला कळपात बी करावं लागतं, बुजगी शेळी जिथं पळणार तिथं आपण आधी उभं राहायचं. आमच्या कुळात सात पिढ्यांनी तेच केलं. फरक एवढाच की आमच्या शेळ्यांना टाळ्या वाजवायला कुणी येत न्हाई.

अन् टाळ्यांचाच तर झगडा झाला.

आमचं कॉलेज अन् घनसावंगीचं कॉलेज, पोरींच्या संघांची दरसाल दोनदा गाठ. आमच्याकडं खेळ झाला की ते म्हणणार, तुमच्या लोकांनी रिंगीखाली उभं राहून इतका कालवा केला की आमच्या पोरींना आपलं नाव आठवंना. त्यांच्याकडं झाला की तेच आम्ही म्हणणार. दोघंबी खरं बोलून राह्यलेत, म्हणून तर भांडण मिटंना. मंग दोन्हीकडच्या सरांनी चहा पिऊन ठरवलं की यंदा खेळ जांब समर्थला. तिथं एक सिमिटाचं मैदान हाय, दोन रिंगी हायत, शेजारी देवस्थान हाय, म्हंजे लोक जरा जपून शिव्या देतील. अन् मैदान कुणाचंच न्हाई.

ह्या सगळ्याशी माझं काय घेणं? हाय, घेणं हाय. मोनिकाला विद्यापीठाच्या शिबिराला बोलावणं आल्तं, छत्रपती संभाजीनगरला, महिनाभर. तिथून निवडल्या पोरी पुढं दुसऱ्या राज्यात खेळायला जातात. पोरगी चार दिवस हवेत चालत व्हती. अन् माझा लेक परमेश्वर, तिचा बाप, ताटावर बसल्या बसल्या म्हणतो, "बास झालं आता. परीक्षा दे अन् चेंडू आपटणं बंद."

म्या म्हणलं, "कामून रे?"

"कामून म्हंजे? बघतंय कोण? कुस्ती असली तर चार गावची माणसं लोटतात. हिच्या खेळाला कुत्रं फिरकत न्हाई. उन्हातान्हात पोरगी काळी पडून राह्यली, अन् कशापायी? गावाला पत्ता न्हाई."

"अन् गाव आलं तर?"

"गाव येत असतं का माय."

"आलं तर?"

मंग त्यानं भाकरीचा तुकडा तोंडात टाकला अन् म्हणला, "गाव आलं तर धाडतो शिबिराला. न्हाई आलं तर हा इषय घरात परत काढायचा न्हाई. तू बी न्हाई, अन् तिनं बी न्हाई."

मोनिका भिंतीला टेकून उभी. माझ्याकडं बघितलं फक्त. आता नातीनं असं बघितल्यावर आजीनं काय करावं? म्या म्हणलं, "चल परमेश्वरा, तू बी जांबला चल. आपल्या डोळ्यानं बघ गाव कसं येतं ते."

अन् त्याच सांजेला फोनवर तातेराव. त्याला बी वास लागल्ता. "आक्के, आम्ही हलगी घेऊन येऊन राह्यलो. तुमच्याकडून कोण? तू अन् तुझ्या शेळ्या का?" मोनिका त्याची बी नात हाय, बरं का. म्या माझ्या भावाचीच पोर, वर्षाराणी, परमेश्वराला केलेली. मामाची पोर, जुनी रीत. म्हणलं, "तात्या, नात खेळून राह्यली तुझी, अन् तू हलगी वाजवणार तिला पाडायला?" तर म्हणतो, "नात नातीच्या जागी, गाव गावाच्या जागी."

घ्या. हा माणूस दिवाळीला त्याच नातीला पोटाशी धरून रडतो.

मंग माणसं जमवायची कशी? मोनिकाच्या मैत्रिणींनी फोनवर कसलंकसलं चित्र फिरवलं, या या म्हणून. लोकांनी बघितलं, अंगठा दाखवला, झोपले. अंगठ्यानं कधी गाव हललंय का? गाव हलतं आवतनानं. म्या सकाळी वाटीत तांदूळ घेतले, हळदकुंकू लावलं, अन् निघाले. उंबऱ्यावर अक्षता टाकायच्या अन् सांगायचं, "बुधवारी जांबला. चूलबंद आवतन हाय." म्हंजे घरच्या सगळ्यांनी यायचं, त्या दिवशी त्यांच्या घरात चूल पेटवायची न्हाई, खाणं माझ्याकडं. लग्नाचं असतं तसं. असं आवतन मोडायची तीर्थपुरीत कुणाची छाती न्हाई. कुणी मोडलंच तर मी हाय, अन् माझं तोंड हाय, अन् माझ्या तोंडाला गावात चांगला मान हाय.

आता घरं कुठली निवडली? हुशार बाईनं निवडावी तशीच निवडली. जिथं माझा शब्द खाली पडत न्हाई ती. कोणती म्हंजे? ज्यांच्या सोयरिकी म्या जमवल्यात ती. ज्या घराची सून म्या आणून दिली, नांदवून दिली, रुसली तर समजूत काढली, त्या घराला जयवंताबाईला न्हाई म्हणता येतं का? बिलकुल न्हाई. अशी घरं किती म्हणता, गल्ल्याच्या गल्ल्या हायत. चाळीस वर्षं तेच तर करून राह्यले.

अन् त्या सुना म्या कुठून आणल्यात? आता मला तुमची तोंडं दिसून राह्यलीत. तुम्हाला कळलं. मला तवा कळलं न्हाई.

बुधवार उजाडला, अन् नेमकी उसाला तोड आली. कारखान्याची टोळी एकदा फडात उतरली की गडीमाणूस हलत न्हाई, आज ऊस गेला न्हाई तर मंग कवा जाईल देव जाणे. गडी फडात. पण आवतन तर मोडता येत न्हाई. मंग घराघरातून कोण आलं? सुना आल्या. नटून आल्या. कुणी लग्नातली पैठणी काढली, कुणी लेकराला काजळ घातलं. म्या म्हणलं वा, गाव ते गावच, खेळाची काय हौस हाय बायांना. परमेश्वराला कोपरानं ढोसलं, "मोज." तो बी चाट पडल्ता, म्हणला, "माय, हे तर वऱ्हाड झालं."

जीपमधी काय गाणी, काय हसणं. महेबूब म्हणला, "मावशी, आवाज कम करा, मेरेकू हारन भी ऐकू येईना." त्याची बायको रहिमुन्निसा पुढं बसल्ती, त्यांची अंबरीन बी मोनिकाच्याच संघात. ती मागं वळून म्हणली, "आप गाडी चलाओ जी. रोज थोडीच निकलते हम." म्या तिच्या पाठीवर थाप मारली. माझी फौज म्हणलं ही. पाटीभर भाकरी, भरीत, ठेचा, सगळं माझ्या मांडीवर. अन् मी राजाच्या आईवाणी बसलेली.

जांब आलं. मैदानाच्या एका अंगाला आमची बाजू, दुसऱ्या अंगाला त्यांची. मधी चुना मारलेला. आमच्या बाजूला ऊन, लख्ख. त्यांच्या बाजूला मोठं कडूलिंबाचं झाड, त्याखाली थंडगार सावली, अन् सावलीत तातेराव, त्याचा पोरगा मिथुन, हलगीवाला अन् घनसावंगीची सगळी गडीमाणसं. बाई एक न्हाई. "बाया कशाला आणायच्या खेळाला," म्हणल्ता तातेराव. ह्याचा बी हिशेब म्या पुढं धरला, पण ते मागून.

माझी माणसं बसली आमच्या बाजूला. गच्च. पिवळ्या जर्सीतल्या आमच्या पोरी आत आल्या, त्यांनी आमच्याकडं बघितलं, अन् तुम्हाला सांगते, मोनिकाचं तोंड असं फुललं की बस. परमेश्वराची बी छाती जरा पुढं आल्ती. म्या मनात म्हणलं, झालं, पोरगी शिबिराला गेली.

शिट्टी झाली, चेंडू उडाला, अन् सोनूबाई उठली. सोनूबाई म्हंजे आमच्या शेजारची सून, म्याच आणलेली. म्हणली, "आत्याबाई, जरा पाणी पिऊन येते." म्हणलं जा. पाण्याचा माठ झाडाखाली व्हता, म्हंजे पलीकडं. ती गेली, पाणी प्याली, अन् तिथंच टेकली. मंग दुसरी उठली, "लेकराला ऊन लागून राह्यलं." खरंच व्हतं, लेकरू लाल झाल्तं. म्हणलं जा, सावलीला बस. मंग तिसरी, तिच्यामागं तिच्या जावा. म्या परमेश्वराला सांगितलं, "सावलीला चालल्यात. येतील." रहिमुन्निसा उठली. म्हणलं, "तुला बी तहान का गं?" तर म्हणती, "चाची, उधर मेरे भाई दिख रे. सलाम करके आती." गेली. सलाम केला. एवढा लांब सलाम म्या माझ्या आयुष्यात बघितला न्हाई, अजून चालू असंल.

शेवटी वर्षाराणी, माझी सून, मोनिकाची सख्खी आई. पदराचं टोक पिळत उभी. "आत्या, आबांनी गोळी घेतली का न्हाई तेवढं इचारून येते." आता भाचीच हाय ती माझी, तिला तरी काय बोलावं? म्हणलं, "इचार, अन् जल्दी ये." ती गेली, तातेरावाशेजारी बसली, त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. मंग झालं. दिवाळीनंतर पहिल्यांदा बापलेक भेटून राह्यलेले, तिथून कोण उठवणार?

तरी बी मी म्हणून राह्यले, सावली हो, सावली. अन् तेवढ्यात घनसावंगीच्या पोरीनं चेंडू टाकला, गेला रिंगीतून, अन् तिकडून अशा टाळ्या उठल्या की देवळातून भाविक बघायला आले. गड्यांच्या न्हाई. बांगड्यांसगट वाजलेल्या टाळ्या. माझ्या सुनांच्या. सोनूबाई तर उभी राहून पदर फिरवून राह्यली.

मी चुन्याच्या रेघेवरून चालत पलीकडं गेले. पंचानं शिट्टी मारली, म्हणलं मार, मला लागू न्हाई. जाऊन सोनूबाईसमोर उभी राहिले. "काय गं? आवतन कुणाचं घेतलं?"

"तुमचं."

"भाकर कुणाची खाल्ली?"

"तुमची."

"मंग टाळ्या कुणाला?"

ती खाली बघून म्हणली, "आत्याबाई, तीर्थपुरीला खेळ असता तर तिथं माझी सासू असती, जाऊ असती, म्या गप तीर्थपुरीचीच टाळी वाजवली असती. हितं कुणी न्हाई. हितं सासर बी न्हाई अन् माहेर बी न्हाई. म्हणून म्हणलं एक दिवस… आवडंल तिकडं बसावं."

शेजारची म्हणली, "अन् तुम्हीच तर आणलंय आम्हाला घनसावंगीहून. इसरलात का?"

मैदान कुणाचंच न्हाई म्हणे. अरे, मैदान कुणाचंच न्हाई असं बाईला सांगितलं तर ती पहिली कुठं जाईल? जे गाव तिचं म्हणून सांगायला तिला एरवी राखीपौर्णिमा यावी लागती, तिकडंच जाईल ना? चाळीस वर्षं म्या एकेक करून घनसावंगीची फौज तीर्थपुरीत आणून बसवली, अन् वाजतगाजत, भाकरीसगट, परत नेऊन दिली. खर्चा माझा.

तेवढ्यात तातेराव हलगी थांबवून म्हणला, "आक्के, तुझी माणसं कुठंयत गं?" अन् मंग हळूच, "तू बी बस की. तुझं बी गावच हाय हे. ये, सावली हाय."

बसावं वाटलं, खोटं कशाला सांगू. सावली थंड व्हती. पण पलीकडं उन्हात परमेश्वर एकटा बसल्ता. म्या म्हणलं, "तात्या, माझी नात तिकडून खेळती." अन् परत गेले.

आता आमच्या बाजूला कोण? मी अन् परमेश्वर. महेबूब जीपमधी पाय वर करून पडल्ता. त्याला हाक मारली तर म्हणला, "मावशी, मय डायवर. बायको उधर, बेटी इधर. मय किसीका नहीं." मधली सुट्टी झाली, आमच्या पोरी मागं पडल्त्या. मोनिका पाणी प्यायला आली, रिकाम्या जागेकडं बघितलं, बापाकडं बघितलं न्हाई. "आज्जे, सगळ्या कुठं गेल्या?"

"सावलीला."

"अन् आई?"

"आबांची गोळी बघायला."

पोरगी हुशार हाय. बुटाची नाडी परत बांधली, बांधलेलीच व्हती. अन् परमेश्वर उठून कपडे झटकून म्हणला, "बघितलं ना माय? आता चला. हा इषय संपला." झालं. शब्द त्याचा व्हता, अन् शब्दाप्रमाणं तो बराबर व्हता. गाव आल्तं, पण गाव आमच्याकडं नव्हतं.

अन् तवा मिथुननं तोंड उघडलं. परमेश्वराचा मेव्हणा, तातेरावाचा पोरगा. मेव्हण्याचं तोंड देवानं कशासाठी दिलंय ते त्या दिवशी मला कळलं. पलीकडून हात तोंडाशी धरून म्हणतो, "दाजी, निघालात का? घरचे तर सगळे इकडंच हायत. तुम्ही बी या, ऊन लागंल. तुमच्या तीर्थपुरीत माणसंच न्हाईत म्हणल्यावर बसून तरी काय करता?" अन् सगळा घनसावंगीचा गोतावळा हसला. वर्षाराणी बी हसली, पदराआड, पण हसली, परमेश्वरानं बघितलं.

तो जाग्यावर थांबला. खांद्यावरचा टावेल काढला, कमरेला बांधला. मला वाटलं आता भांडण. तर तो गेला रेघेपाशी, अन् शेळ्यांना डोंगरावरून बोलवताना काढतो तसली हाळी काढली. सबंध जांबला ऐकू गेली. "मोने, हाण तिच्यायला!"

तुम्हाला सांगते, ह्या माणसाला खेळातलं ओ का ठो कळत न्हाई. "धर तिला" म्हणतो, धरलं तर फाऊल हाय. आमची पोरगी मागं पळाली तर "पळून कामून राह्यली" म्हणतो, अरे ती बचावाला चाललीय. घनसावंगीनं टाकला तरी त्याला वाटलं आपणच टाकला, दोनदा नाचला. म्या टावेल धरून ओढून सांगायचे, "परमेश्वरा, बाजू बदललीय, आता आपली रिंग तिकडची." तर तिकडं पळायचा. पंचानं दोनदा बसवला. एक माणूस हो, एकच, पण पलीकडच्या हलगीला पुरून उरला. अन् त्याच्या आवाजानं आमच्या पोरी अशा चेतल्या की फरक कमी कमी होत गेला, अंबरीननं लांबून टाकला, तो गेला, तिची आई पलीकडून "वाह मेरी बच्ची" म्हणून ओरडली अन् मंग भावाकडं बघून गप झाली.

शेवटाला दोन गुण मागं, घड्याळात वेळ नावाला उरलेला, मोनिका चेंडू घेऊन उसळली, अन् त्यांच्या पोरीनं तिच्या हातावर मारलं. शिट्टी. दोन चेंडू मिळाले, रेघेवर उभं राहून एकटीनं टाकायचे, कुणी आडवं यायचं न्हाई. दोन्ही गेले तर बराबरी. अन् ती रिंग कुठली? कडूलिंबाकडची. म्हंजे रिंगीखाली सगळा घनसावंगीचा गोतावळा. अशा वेळी समोरच्यांनी काय करायचं असतं हे सगळ्यांना म्हाईत, कालवा करायचा, हलगी बडवायची, पोरीचे हात कापले पाहिजेत. मिथुन तर डबा घेऊन उभा.

अन् वर्षाराणी उठली. हलगीवर हात ठेवला. भावाच्या हातातला डबा काढून घेतला. बापाकडं बघून म्हणली, "आबा, गप. माझी लेक टाकून राह्यली." अन् माझ्या आणलेल्या साऱ्या सुनांनी आपापल्या शेजारच्याच्या, भावाच्या, काकाच्या, ज्याच्या त्याच्या तोंडावर हात ठेवला. रोज सकाळी त्यांच्या दारावरून मोनिका पळायला जाती हो. ओळखीची हाय सगळ्यांना. अख्खी बाजू गप. देवळातली घंटा तेवढी ऐकू आली.

पहिला चेंडू गेला. रिंगीला धक्का न लागता.

दुसरा रिंगीवर बसला. फिरला. अजून फिरला. सगळ्यांच्या माना त्याच्याबरोबर फिरल्या. अन् भाईर.

एका गुणानं हरलो.

येताना जीपमधी कुणी गाणं म्हणंना. सुना खाली माना घालून, जिंकल्या हायत तरी. मोनिका खिडकीकडं तोंड करून. मी म्हणलं, झालं गं बाई, गाव बी गेलं, खेळ बी गेला, शिबिर बी गेलं. परमेश्वराचा आवाज बसल्ता, नुसती हवा येत व्हती. तीर्थपुरी दिसायला लागली तवा तो घोगरा घोगरा म्हणला, "ते शिबिर कवापासून हाय?"

मोनिकानं खिडकीतलं तोंड आत वळवलं.

"मी इचारून राह्यलो कवापासून हाय. दुसरा चेंडू हुकतोच कसा? तिथं शिकवतात ना? महिनाभर शिकवा म्हणावं तेवढंच. मिथुन्या डबा वाजवणार का मला? परत गाठ पडंल तवा बघतो त्याच्याकडं."

अन् वर्षाराणी हळूच म्हणली, "माझा भाऊ लहानपणापासून तसलाच हाय." परमेश्वरानं तिच्याकडं बघितलं न्हाई, पण भाकरीची पाटी तिच्या मांडीवरून उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली. आमच्यात ह्याला समेट म्हणतात. मोनिका गेली शिबिराला, आता तिथंच हाय, फोनवर सांगती की दुसरा चेंडू बी जाऊन राह्यला.

तुम्ही म्हणाल झालं, संपलं. संपतंय कुठं? ती आली की परत गाठ हाय, परत जांबलाच. मैदान कुणाचंच न्हाई म्हणे. म्या म्हणलं ठीक, आता हा डाव मला कळला. घनसावंगीच्या लेकी आमच्या घरात हायत, तशा तीर्थपुरीच्या लेकी घनसावंगीत न्हाईत का? ढीगभर हायत. त्यांना जांबला आणलं तर बसतील कुठं? आमच्या अंगाला. म्हंजे माणसं आपल्या गावातून जमवायचीच न्हाईत, त्यांच्या गावातून जमवायची. तातेराव बाया आणत न्हाई, नको आणू, मी आणते.

मंगळवारी तांदळाला हळदकुंकू लावलं अन् एसटीनं घनसावंगीला गेले. तीर्थपुरीची एकेक लेक गाठली. उंबऱ्यावर अक्षता, "जांबला या, चूलबंद." पोरींचे डोळे असे चमकले की काय सांगू. तातेरावाच्या दारावरून जाताना कडी दिसली. म्हणलं बरं झालं, म्हातारा गेला असंल कुठं गप्पा हाणायला. गालातल्या गालात हसत सांजेला घरी आले.

तर माझ्याच उंबऱ्यावर पिवळे तांदूळ.

वर्षाराणी दारात उभी, हसू दाबून. "आत्या, आबा येऊन गेले. दिवसभर आपल्या गावात फिरले, घनसावंगीची एक लेक सोडली न्हाई. पहिल्या अक्षता मातर तुमच्या उंबऱ्यावर टाकल्या. म्हणले, आक्काला सांग, जीप दारात यील. घनसावंगीच्या लेकीला आवतन हाय."

म्हंजे त्याची जीप माझ्या गावातून भरणार, माझी त्याच्या गावातून. मिळून दोघं बहीणभाऊ एकमेकांची गावं वाहणार. त्या अक्षता झाडून टाकाव्या म्हणून खराटा उचलला, पण अक्षतांना कुणी खराटा लावत असतं का? अन् आवतन मोडायचं नसतं हे ह्या गावाला शिकवलं कुणी? म्याच. परमेश्वराला इचारलं तर तो कमरेला टावेल बांधून म्हणला, "जा की माय. इकडं मी हाय."

मैदान कुणाचंच न्हाई म्हणे. मैदानाचं बरं असतं हो, त्याला कुणी लग्न करून आणलेलं नसतं. जाईन. बसन तातेरावाशेजारी, तोंड मिटून… ऊन तरी लागायचं न्हाई.